जुन्याचं काय करणार, ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी ऑफिस सांभाळते. एकूण सात संगणक. दोघांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ आहे, त्याचे डबे अजून कपाटात आहेत आणि डब्यांवर 'अपग्रेड' असं छापलंय. तिघांवर ऑफिस २०१६. मालकांच्या लॅपटॉपवर लॅपटॉपबरोबर आलेलं होम अँड स्टुडंट २०२१. गोदामातल्या एका जुन्या पीसीवर काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. एका विक्रेत्याने दोन कोटेशन दिली आहेत, 'ऑफिस २०२४ अपग्रेड' आणि 'ऑफिस २०२४ फुल'. अपग्रेडची किंमत फुलच्या चौथाईसुद्धा नाही. मालक म्हणतात, जुनं आहेच आपल्याकडे, अपग्रेड घेऊन टाका. घेऊ का?

अपग्रेडचं कोटेशन बाजूला ठेवा, ताई. त्यात लिहिलेली वस्तू मायक्रोसॉफ्ट विकतच नाही. ऑफिस २००७ पर्यंत 'अपग्रेड' म्हणून वेगळा डबा यायचा. २०१० ची आवृत्ती आली तेव्हा तो बंद झाला, आणि त्यानंतर २०१३, २०१६, २०१९, २०२१, २०२४ यांपैकी एकाही आवृत्तीला तो परत आला नाही. एकदाच पैसे भरून घ्यायच्या ऑफिसला पुढची आवृत्ती हवी असेल तर पुन्हा पूर्ण किंमत मोजा, असं कंपनीच सांगते. मोठ्या संस्थांना करारावर लायसन मिळतं, त्याच्यासोबत सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स घेतलेलं असेल तर मुदतीत निघालेली नवी आवृत्ती त्यांना वापरता येते. पण ते मूळ खरेदीबरोबरच घ्यावं लागतं. तसं काही तुमच्या फायलीत असतं तर हा प्रश्नच पडला नसता.

मग चौथाईत विक्रेता देणार तरी काय? मी पाहिलेल्या प्रकरणांत दोनच गोष्टी निघाल्या. एक म्हणजे कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या नावावरची सामायिक की (ऑफिस चालू करायचा लायसनचा नंबर), सुटी करून दहा जणांना विकलेली. दुसरी म्हणजे 'तयार अकाउंट' : यूजरनेम-पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात, ते कुणाचं हे विचारायचं नाही. दोन्ही चालू होतात, हीच पंचाईत. पहिल्या दिवशी 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसतं, तुम्ही पैसे देता, आणि काही महिन्यांनी ती की बंद पडल्यावर वर लाल पट्टी येते. तोवर विक्रेत्याचा फोन लागत नाही. त्याला एकच वाक्य विचारा : "आमच्या जीएसटी नंबरावर पक्कं बिल द्याल का, आणि बिलावर उत्पादनाचं पूर्ण नाव लिहाल का?" सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे, पक्क्या बिलावर तुम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं. जो बिल टाळतो त्याचा माल कसला ते कळलंच.

आता तुमच्या कपाटातल्या त्या दोन डब्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

अपग्रेडचा डबा स्वस्त का असायचा? ऑफिस २००७ स्टँडर्डची अमेरिकेतली छापील किंमत पूर्ण आवृत्तीला ३९९ डॉलर आणि अपग्रेडला २३९ डॉलर होती. हे १६० डॉलर कंपनी कुणाला फुकट सोडत नव्हती. तुम्ही आधी एकदा पैसे भरलेत म्हणून ती सूट होती, आणि तिच्या बदल्यात तुमचं जुनं लायसन नव्यात जमा होत होतं. जुनी गाडी देऊन नवी घेतो तसंच. फरक इतकाच की गाडी शोरूमवाला ओढून नेतो, जुनी सीडी मात्र आपल्याच टेबलावर राहते. ती राहते म्हणून माणसाला वाटतं, आपल्याकडे आता दोन झाली. तुम्ही जुनं ऑफिस दुसऱ्या पीसीवर टाकलंत की एकाच लायसनवर दोन संगणक चालू झाले.

माझा अंदाज सांगतो, पटतो का बघा. २००७ चे डबे आणले तेव्हा ऑफिसातल्या पीसीवर आधीचं २००० किंवा २००३ सारखं काहीतरी असणार, नाहीतर अपग्रेड चाललंच नसतं. पुढे कधीतरी पीसी बदलले आणि जुना पीसी गोदामात गेला. गोदामात 'कुणालाच माहीत नाही' असं जे आहे, ते बहुतेक तेच जुनं ऑफिस असेल, ज्याचं लायसन २००७ च्या डब्याने कधीच खाऊन टाकलंय. अंदाज चुकला तर उत्तमच. पण गोदामातलं ऑफिस 'आपल्याकडे आहेच' या हिशेबात धरू नका.

अपग्रेडच्या डब्याचा दुसरा त्रास हार्ड डिस्क जाते त्या दिवशी कळायचा. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. साखर पेठेतल्या एका सुताच्या व्यापाऱ्याचा पीसी मे महिन्यात बसला. डिस्क नवी टाकली, विंडोज टाकली, ऑफिसच्या अपग्रेडची सीडी घातली. ती म्हणाली, आधीची आवृत्ती दाखवा. कोऱ्या डिस्कवर आधीची आवृत्ती कुठून येणार? म्हटलं, "मालक, त्याच्या आधीची सीडी कुठाय?" मालकांनी मुलाकडे बघितलं. मुलाने गच्चीच्या दाराकडे बघितलं. तिथे सुतळीला चार सीड्या लटकत होत्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. तिसरी आमची. धुतली, पुसली, तीनदा घालून बघितली, ड्राइव्ह नुसता घरघरला. शेवटी माझ्याकडच्या तशाच सीडीवरून टाकलं, पण की त्यांचीच, कारण सीडीचं पिवळं स्टिकर लावलेलं कव्हर त्यांच्या मुनीमजींनी सूतगिरणीच्या बिलांच्या फायलीत जपून ठेवलं होतं. कबुतरं काही थांबली नव्हती म्हणे.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : जुन्याचं काय करणार? जुनं त्याच टेबलावर संपवून त्याच जागी नवं आणायचं असेल आणि जुन्याचा कागद हातात असेल, तरच अपग्रेडला अर्थ आहे. जुना पीसी मुलाला, गोदामाला, गेटवर द्यायचा असेल तर ती अपग्रेड नव्हे, ती वाढीव जागा आहे, आणि वाढीव जागेला पूर्ण लायसनच लागतं. हा नियम सगळ्या सॉफ्टवेअरला लागू पडतो, अगदी जिथे आजही अपग्रेड मिळतं तिथेही. टॅलीचं उदाहरण खाली देतोच.

आता एक काम करा. एक वही घ्या, सात पानं सात संगणकांना द्या. प्रत्येकावर वर्ड उघडा, फाईल, मग अकाउंट. उजवीकडे उत्पादनाचं नाव दिसेल आणि ते कुणाच्या अकाउंटवर आहे तेही दिसेल. दोन्ही लिहून घ्या. २००७ ला हे पान नाही, तिथे डब्यावरचं नाव लिहा. तीन २०१६ वाल्यांसाठी आणखी एक पाऊल. ऑफिसच्या फोल्डरमध्ये ओएसपीपी नावाची छोटी स्क्रिप्ट असते, तुमच्या हार्डवेअरवाल्या पोराला ती कमांड विंडोत चालवायला सांगा. तो स्टेटस दाखवेल, त्यात 'लायसन्स नेम' अशी ओळ येते आणि शेवटी कीची पाच अक्षरं. त्या ओळीत 'रिटेल' असेल तर दुकानातून घेतलेलं. 'ओईएम' असेल तर मशीनबरोबर आलेलं. 'व्हीएल' आणि पुढे 'एमएके' असेल तर संस्थेच्या करारातलं. 'केएमएस' असेल तर जरा बसून घ्या. केएमएस पद्धतीत संगणकाला १८० दिवसांच्या आत कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरकडे हजेरी लावावी लागते, आणि तो सर्व्हरही किमान पाच मशीन असल्याशिवाय ऑफिसला हजेरी देत नाही. तुमच्याकडे असा सर्व्हर नाही. मग हजेरी घेतंय कोण? फॉरमॅट मारायला आलेल्या कुणीतरी टाकलेला क्रॅक. तो तुमच्याच मशीनवर बसून खोटा सर्व्हर बनतो, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरसमध्ये त्याला सूट देऊन ठेवलेली असते. बँकेचं काम त्याच मशीनवर होतं ना?

यात मी घाबरवत नाही, पण कायदा माहीत असावा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. कारखान्याचं ऑफिस म्हणजे धंदाच.

मालकांच्या लॅपटॉपवरच्या होम अँड स्टुडंटचं वेगळंच. ते अस्सल आहे, चोरीचं नाही, पण नावातच सांगितलंय कुणासाठी. व्यवसायाच्या कामाला त्याचं लायसन चालत नाही. दुकानात लॅपटॉप घेताना 'ऑफिस लाइफटाइम फ्री' सांगतात ते हेच. शिवाय ते त्या लॅपटॉपबरोबरच आलेलं आहे, लॅपटॉप मेला की तेही गेलं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. दुकानातून सुटं घेतलेलं रिटेल मात्र जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. २०१३ ची आवृत्ती निघाली तेव्हा कंपनीने तेही बंद करून बघितलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये नियम बदलला. 'फुल' या एका शब्दात हे दोन्ही प्रकार विकले जातात, म्हणून कोटेशनवर 'फुल' दिसलं की समाधान मानू नका. रिटेल की ओईएम, होम की होम अँड बिझनेस, हे लिहून घ्या. तुम्हाला होम अँड बिझनेस हवं. त्यात आउटलुक येतं आणि धंद्यासाठी वापरायची परवानगीही.

अकाउंटचं अजून एक. हल्ली की टाकली की ती एका ईमेल अकाउंटला कायमची चिकटते. आपल्याकडे काय होतं, इन्स्टॉल करायला आलेला माणूस घाईत असतो, "मॅडम, एखादा ईमेल सांगा", आणि अकाउंटंट आपला खासगी जीमेल सांगतो. दोन वर्षांनी अकाउंटंट होटगी रोडच्या दुसऱ्या कारखान्यात जातो. पुढे मशीन फॉरमॅट करायची वेळ येते तेव्हा त्याला फोन लावून ओटीपी मागायचा. तो देतो, चांगला माणूस असतो, पण तो नसता तर? कंपनीच्या नावाचं अकाउंट काढा, रिकव्हरीला मालकांचा मोबाइल द्या, कुठल्या टेबलाची की कुठल्या अकाउंटवर ते त्याच वहीत लिहा. सातही पक्की बिलं त्याच वहीत चिकटवा.

तारखांचा हिशेब असा. ऑफिस २००७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणं, १० ऑक्टोबर २०१७ ला संपला. ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हींचा १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० च्या बरोबरच. म्हणजे २०१६ उद्या बंद पडणार नाही, ते चालतच राहील, पण त्यात सापडलेली भोकं आता कुणी बुजवत नाही. बाहेरच्या देशातल्या खरेदीदारांची अटॅचमेंट रोज उघडणाऱ्या टेबलावर ते ठेवू नये. ऑफिस २०२१ कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका, त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. ऑफिस २०२४ ची ९ ऑक्टोबर २०२९. इथे एक खाच आहे : पाच वर्षं ही आवृत्ती निघाल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. आज घ्या नाहीतर दोन वर्षांनी घ्या, संपायची तारीख तीच. त्यामुळे एकदाच भरायची किंमत त्या तारखेपर्यंतच्या महिन्यांनी भागा, आणि जो आकडा येईल तो मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या ऑफिसच्या, मासिक दराशेजारी ठेवा. जितकं उशिरा घ्याल तितकं एकदाच घ्यायचं ऑफिस महाग पडतं.

आणि ऑफिस २०२४ ला किमान विंडोज १० लागते. २००७ वाले तुमचे दोन पीसी त्याच काळातले असतील तर त्यांच्यावर विंडोज ७ असणार, आणि विंडोज ११ त्यांच्यावर चढणार नाही, तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मग अपग्रेड की फुल हा वाद तिथे फिजूल आहे. तिथे प्रश्न मशीनचा आहे.

आता टेबलानुसार माझं मत. सातही जागी एकच घ्यायचा हट्ट धरू नका, विक्रेत्याला तसं आवडतं, तुम्हाला परवडायचं नाही.

एक्स्पोर्टचं टेबल आणि मालकांचा लॅपटॉप यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ चं बिझनेस स्टँडर्ड. ते माणसाच्या नावावर असतं, मशीनच्या नाही, एका माणसाला पाच पीसीवर चालतं आणि मोबाइलवरही. मालक मुंबईला खरेदीदाराकडे बसलेत आणि पॅकिंग लिस्ट दुरुस्त करायची आहे, असं महिन्यातून दोनदा होतच असेल. यात अपग्रेड हा प्रश्नच उरत नाही, नवी आवृत्ती आपोआप येते. तोटा : पैसे भरणं थांबलं की फाईल उघडते, छापता येते, पण बदलता येत नाही. तुमचा डेटा कुठे जात नाही, पण कोऱ्या लेटरहेडवर एक ओळ टाइप होत नाही. भाडं आहे ते, घर नव्हे.

अकाउंटंटच्या टेबलावर मी होम अँड बिझनेस २०२४ घेईन, एकदाच. कारण सांगतो. नव्या पेठेतल्या एका कर सल्लागारांनी आपल्या सगळ्या पक्षकारांना जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटीचं पत्रक) जुळवायची तयार एक्सेल फाईल दिली होती. छान केली होती, एक्सलुकअप वापरून. एका टॉवेलवाल्याकडे ती २०१६ मध्ये उघडली. उघडल्यावर आकडे बरोबर दिसले, म्हणून त्यांनी त्यात नवी बिलं टाकली. टाकताच सगळा रकाना 'नेम' च्या चुकीने भरला आणि सूत्रात पुढे 'एक्सएलएफएन' असं काहीतरी दिसायला लागलं. त्यांना वाटलं व्हायरस. व्हायरस नव्हता. एक्सलुकअप हे सूत्र २०१६ ला आणि २०१९ लाही कळत नाही, ते २०२१ पासून पुढे आणि ३६५ मध्ये आहे. जुन्यात फाईल उघडते तेव्हा आधी साठवलेलं उत्तर दिसतं, एखादा आकडा बदलला की ते पुन्हा गणित मांडायला जातं आणि तोंडावर पडतं. त्या माणसाने दोन दिवस हाताने जुळवलं. जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख तोंडावर होती. तुमचे सल्लागार कुठली आवृत्ती वापरतात ते विचारा, अकाउंटंटचं ऑफिस त्याच्या मागे नको.

यांतून उरतील ते २०१६ वाले, जर वहीत 'रिटेल' निघाले आणि त्यांवर ईमेल उघडत नसेल, तर वर्षभर थांबलं तरी चालेल असं माझं मत. काही सहकारी याला नाक मुरडतील. 'केएमएस' निघाले तर थांबू नका.

गोदाम आणि गेट : लिबरऑफिस. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये फुटून निघालेलं, फुकट, धंद्यालाही फुकट. चलन, गाठींची यादी, आवक-जावक यांना काही कमी पडत नाही. फाईल एक्सेलच्या स्वरूपात सेव्ह होईल अशी सेटिंग पहिल्या दिवशी करून घ्या. एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) लिहिलेले असतील तर मात्र ते तिथे धड चालतील याची खात्री धरू नका, आणि लेटरहेडचा लोगो इकडचा तिकडे सरकतो. म्हणून खरेदीदाराला जाणारं काही गोदामातून पाठवायचं नाही.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्याकडे असणारच. २००७ च्या काळातल्या कारखान्यांत बहुतेक वेळा कुणा पुतण्याने किंवा कॉलेजच्या पोराने ऑफिसमधल्या नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये एक ऑर्डर बुक बनवलेलं असतं आणि सगळा कारखाना त्यावर चालतो. होम अँड बिझनेसमध्ये अ‍ॅक्सेस येत नाही. नुसतं वापरायचं असेल तर अ‍ॅक्सेस रनटाइम फुकट मिळतं, पण आत बदल करायचा तर पूर्ण अ‍ॅक्सेस लागतं, ते बिझनेस स्टँडर्डमध्ये आहे. शिवाय नवं ऑफिस आपोआप ६४ बिटचं बसतं, आणि जुन्या कोडमध्ये विंडोजला थेट हाक मारणाऱ्या ओळी असतील तर त्या ६४ बिटला चालत नाहीत. बसवायच्या आधी त्या पुतण्याला शोधा. लेबलं पब्लिशरमध्ये बनवलेली असतील तर ती पीडीएफ करून ठेवा, २०२४ मध्ये पब्लिशर नाही आणि ३६५ मधूनही ऑक्टोबर २०२६ ला जातंय.

तशीच सूचना फॉन्टची. आपल्याकडे नोटीस बोर्डावर मराठी आणि तेलुगू दोन्हींत सूचना लागते, आणि त्या फायली बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट ऑफिसात नसतो, विंडोजमध्ये असतो. त्याच मशीनवर ऑफिस बदललं तर काही होत नाही, मशीन बदललं की 'पगाराची सुट्टी' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसतो. जुना पीसी भंगारात देण्याआधी फॉन्ट उचलून ठेवा.

आउटलुकचं तर हात जोडून सांगतो. २००७ मधलं आउटलुक आपली पीएसटी फाईल, जिच्यात सगळे ईमेल साठतात, लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचं. डॉक्युमेंट्सची कॉपी घेतली, डेस्कटॉपची घेतली, फॉरमॅट मारलं, आणि मग आठवलं की सहा वर्षांचा खरेदीदारांशी झालेला पत्रव्यवहार कुठाय. ही चूक माझ्या हातून झालेली आहे, एकदाच झाली. आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाईल्स या टॅबवर पूर्ण पत्ता दिसतो, तो वाचून फाईल तिथून उचला. उचलताना आउटलुक बंद हवं. आणि कॉपी झालेली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय जुन्याला हात लावू देऊ नका.

टॅलीबद्दल म्हणालो होतो. तिथे अपग्रेड आजही खरं आहे. तुमचं सिल्व्हर असेल, म्हणजे एका मशीनचं, आणि आता अकाउंटंटबरोबर तुम्हालाही उघडायचं असेल, तर फरकाची रक्कम भरून गोल्ड, म्हणजे अनेक मशीनचं, करता येतं, नवं गोल्ड घ्यायची गरज नाही. पण नियम तोच : सिल्व्हर गोल्डमध्ये जमा होतं, ते वेगळं काढून दुसऱ्या फर्मला देता येत नाही. मालकांच्या भावाची फर्म वेगळी होणार असेल आणि त्यांना टॅली लागणार असेल तर सिल्व्हर तसंच ठेवून नवं घ्यायचा विचार करा. अजून टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ वर असाल तर टीएसएस, म्हणजे टॅलीची वर्गणी, चालू आहे का बघा. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या टॅलीप्राइमवर जायला ते चालू लागतं, बंद असेल तर आधी नूतनीकरण. डेटा नव्यात उघडण्याआधी बॅकअप, आणि तो पेनड्राइव्हवर, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नव्हे.

आयकराचं तुमचे सीए सांगतील, साधारण असं की एकदाच घेतलेल्या सॉफ्टवेअरवर संगणकाप्रमाणे ४० टक्के घसारा मिळतो आणि वर्षाचं भाडं सरळ खर्चात जातं. यावरून निर्णय फिरवण्याइतका फरक सात मशीनला पडत नाही.

मालकांना सांगायचं असेल तर एवढंच सांगा : २००७ चे डबे खरे आहेत, पण त्यांच्या जोरावर आज एक रुपयाची सूट मिळत नाही. डबे टाकू मात्र नका, जुन्या मशीनवर जे चालू आहे त्याचा तो एकच पुरावा आहे.

बसवायचा दिवस २० तारखेनंतरचा धरा, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरून झाल्यावर. अकाउंटंटचं मशीन सगळ्यात शेवटी घ्या. आणि पोराला सकाळी लवकर बोलवा. दुपारी लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हाने मेलेली असली तर अर्धवट बसलेलं ऑफिस काढायला पूर्ण बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.